दिव्याच्या सिनेमाचा शेवट

बॅटरीकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. बाकी सगळ्यांसाठी ते बॅटरीकाका. उमेदीची सारी वर्षं त्यांनी गावातल्या जुन्या थिएटरात डोअरकीपर म्हणून काढली. तिकिटं फाडायची, उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्चीपर्यंत पोचवायचं आणि खेळ सुटायच्या आधी मागच्या गल्लीतले लोखंडी दरवाजे उघडून ठेवायचे, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण काळोखात शिरल्यावर भले भले लोक कसे चाचपडतात आणि दुसऱ्याच्या बायकोच्या मांडीवर बसता बसता कसे वाचतात, हे काकांना विचारावं.

त्यांचा एक नियम होता. झोत पायांवर मारायचा, तोंडावर कधीही नाही. सिनेमाला कोण कुणाबरोबर आलंय हे बघणं आपलं काम नव्हे, असं ते म्हणत. त्यामुळे अख्खं गाव त्यांच्या ओळखीचं, पण पायांपुरतं. रस्त्यात कुणी हाक मारली की काका आधी खाली बघायचे. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस! काका आपले चपलांवरून ओळख पटवत असायचे.

काकूंची आणि त्यांची पहिली भेटही अशीच. आईबरोबर सिनेमाला आलेली एक मुलगी, आणि तिच्या डाव्या चपलेच्या पट्ट्याला लावलेली सेफ्टीपिन. काकांचा झोत त्या पिनेवर जरा जास्तच रेंगाळला. वरून, अंधारातून आवाज आला, "अहो, पिन बघून झाली असेल तर खुर्ची दाखवा." तो आवाज ज्या तोंडातून आला ते तोंड काकांनी पाहिलं, ते थेट लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा.

आता गंमत अशी, की जन्मभर थिएटरात राहून काकांनी एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. सुरुवातीला लोक येतच असायचे, त्यांना बसवण्यात पहिला भाग जायचा. शेवटी दरवाजे उघडायला जावं लागायचं. मधला भाग मात्र त्यांना पाठ असायचा. मग सुटीच्या दिवशी जाऊन पूर्ण का बघितला नाही, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "बसचा कंडक्टर सुटीच्या दिवशी बसमध्ये बसून फिरायला जातो का?"

ही उणीव लग्नानंतर काकूंनी भरून काढली. नवा सिनेमा लागला की पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला त्या जायच्या, आणि घरी आल्यावर सुरुवात नि शेवट काकांना सांगायच्या. मधलं काकांकडे असायचंच. असा दोघांत मिळून एकेक सिनेमा पूर्ण व्हायचा.

त्या थिएटरात सगळ्यात जास्त चालला तो दिव्याचा सिनेमा. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण लोक असंच म्हणत. नवरा बोटीवर कामाला जातो. बोट परत येते, हा येत नाही. बायको रोज रात्री खिडकीत कंदील लावून ठेवते. गोष्ट एवढीच, पण लोक असे रडायचे की मध्यंतरातला चहा खारट लागतो म्हणून चहावाल्याशी भांडणं व्हायची. शेवटाकडे एक जागा होती. बाई तेलाची बाटली कानाशी धरून हलवते. तळाशी थोडंसंच उरलेलं तेल खळकन वाजतं. तो आवाज आला की काका निघायचे. मागची गल्ली गाठायची, अडसर काढायचा, जाम झालेल्या कडीला दोन शिव्या घालायच्या आणि दरवाजे उघडून उभं राहायचं. मग बाहेर पडणारी सगळी माणसं डोळे पुसत असायची.

"शेवटी होतं काय गं?" काकांनी घरी विचारलं होतं. "सगळे एवढे का रडतात?"

काकू फरशी पुसत होत्या. फडकं पिळता पिळता थांबल्या.

"येतो तो," त्या म्हणाल्या. "पहाटे दार वाजतं. ती जागची उठतसुद्धा नाही. आतूनच म्हणते, पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीय."

"बस?"

"बस. संपला सिनेमा."

"मग लोक रडतात कशाला?"

"आनंदानं रडतात. तुम्हाला नाही कळायचं. पाय वर घ्या."

काकांनी पाय वर घेतले. तो संवाद मात्र त्यांना फार आवडला. इतकी वर्षं वाट बघितलेला माणूस दारात उभा, आणि बाई फरशीचं बोलते! लिहिणारा हुशारच म्हणायचा. पुढे ड्यूटीवरून घरी आल्यावर काकू आतून "पाय पुसून या" म्हणाल्या, की काकांना आपण बोटीवरून उतरल्यासारखं वाटायचं. बाहेर त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. शेवट सांगायचा नाही, हा डोअरकीपरचा दुसरा नियम.

पुढे त्या सिनेमाच्या प्रती खराब होत गेल्या. एकदा तो टीव्हीवर लागला, पण शेवटचं रीळ गायबच होतं. तेलाची बाटली येण्याच्याही आधी पडदा काळा झाला आणि 'यापुढील भाग उपलब्ध नाही' अशी पाटी आली. काकू मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीतच आहे शेवट."

थिएटरही मग बंद पडलं. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. पूर्वीही तिथे काही लोक झोपायलाच यायचे म्हणा.

आणि गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळचा चहा केला, पाठ भरून आलीय म्हणाल्या, जरा आडव्या झाल्या. तेवढंच.

भेटायला माणसं यायला लागली तेव्हा काका दारात उभे होते. "या. सावकाश. पायरी आहे," असं प्रत्येकाला सांगत होते. ज्याला त्याला खुर्ची दाखवत होते. मधूनच खाली वाकून दारातल्या चपलांच्या जोड्या लावत होते. लोकांना आधी वाटलं, धक्का बसलाय. मग वाटलं, धीराचा माणूस आहे. मग आठवडे गेले, महिने गेले, आणि काका तसेच राहिले तेव्हा लोकांना काय वाटावं तेच कळेना.

खुद्द काकांनाही कळत नव्हतं. चहा दिला की ते पीत, तो गरम आहे की गार हे त्यांच्या लक्षात येत नसे. टीव्हीपुढे बसत, आवाज बंद असला तरी बटण दाबत नसत. काकूंचा फोटो भिंतीवर लागला होता. जावई म्हणाला, "बाबा, मन मोकळं होईल, त्यांच्याशी बोला." काका आज्ञाधारकपणे फोटोसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहून परत आले. "काही सांगण्यासारखं नाहीये," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. दूध आणायला गेलो, दुकान बंद होतं, असं सांगावं तसं ते म्हणाले.

काकूंची धाकटी बहीण, म्हणजे लेकीची मावशी, मुद्दाम राहायला आली होती. भावजींना रडवणं हे काम तिनं अंगावर घेतलं. जेवताना ती एखादी आठवण काढायची, "ताईला आंबट किती आवडायचं, नाही भावजी?" आणि मग दूध उतू जायची वाट बघावी तशी त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसायची. काका म्हणायचे, "हो. आवडायचं." आणि ताट पुढे सरकवायचे. शेवटी मावशी स्वतःच रडायची. तिचं रडून झालं की काका तिला पाणी आणून द्यायचे.

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. दाढ काढून बाहेर आलेल्या पेशंटना समजावणं हे तिचं रोजचं. ती नवऱ्याला म्हणाली, "बाबांची भूल उतरतच नाहीये रे. पेशंटना मी सांगते, गाल बधिर आहे तोवर काही चावू नका, जीभ चावली गेली तरी कळणार नाही. बाबांचं तसं झालंय. भीती वाटते."

मग एके दिवशी तिनं पेपरात वाचलं. दिव्याच्या सिनेमाचं हरवलेलं शेवटचं रीळ कुठल्याशा बंद गोदामात सापडलं होतं. जाणकारांनी सगळा सिनेमा डाग पुसून, ओरखडे काढून पुन्हा उभा केला होता, आणि तो मोठ्या पडद्यावर लागत होता. लेकीनं तिकिटं काढली. ज्या सिनेमानं गावाला रडवलं तो बाबांना रडवल्याशिवाय कसा राहील? मावशीला ही युक्ती एकदम पटली. तिनं काकांच्या दोन्ही खिशांत एकेक मोठा रुमाल कोंबला.

"सर्दी नाहीये मला," काका म्हणाले.

"असू द्या हो भावजी."

नवीन थिएटर एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होतं. तिकीट फाडायला कुणी नव्हतं, मोबाइल एका यंत्रापुढे धरला की काम झालं. काकांनी त्या यंत्राकडे फारसं बघितलं नाही. आत शिरल्यावर मात्र ते न सांगता पुढे झाले, लेकीला म्हणाले, "मागून ये, पायरी आहे," आणि अंधारात अचूक आपल्या रांगेपाशी थांबले. कडेची खुर्ची त्यांनी स्वतःकडे घेतली. उशिरा येणारे मोबाइलचा दिवा लोकांच्या तोंडावर मारत येत होते. काकांचा हात बॅटरीसाठी खिशाकडे गेला आणि रुमालावर थांबला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दिव्याच्या सिनेमाची सुरुवात पाहिली. काकूंनी सांगितली होती तश्शी होती. पत्र्याची पेटी, पेटीला बांधलेली दोरी, निघताना दोरीची गाठ सुटते, बायको ती दातांनी आवळते. गाठीसकट सगळं बरोबर. काकूंनी एवढंसुद्धा मागेपुढे केलं नव्हतं. मग त्यांच्या पाठ असलेला भाग आला. चित्र इतकं लख्ख होतं की बाईच्या घरातल्या भिंतीची चीर दिसत होती. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. शेजारी लेक नाक ओढत होती. तिनं एकदा हळूच काकांकडे बघितलं.

काका बघत होते. मधूनच त्यांच्या मनात येत होतं की आपण आता रडायला हवं, मुलीनं हौसेनं आणलंय. पण हातपाय झोपले असताना ते हलवायचं मनात यावं, तसं ते नुसतंच मनात येत होतं.

पडद्यावर बाईनं तेलाची बाटली कानाशी धरली आणि हलवली. खळकन आवाज आला.

काका उठले.

ठरवून नाही. पाय उठले आणि काका त्यांच्याबरोबर गेले. लेकीचे डोळे रुमालात होते, तिला कळलंच नाही. काका पायऱ्या उतरले, बाहेर जायच्या दारापाशी आले, कडी शोधायला हात लावला तर दार आपोआप उघडलं आणि ते एका लांब, पांढऱ्या गल्लीत येऊन पडले.

तिथे उलट्या बादलीवर एक बाई बसली होती. शेजारी लांब दांड्याचा झाडू आणि कचऱ्याची काळी पिशवी.

"बाथरूम उजवीकडे," ती म्हणाली.

"बाथरूम नको. दार उघडायला आलोय."

"कुठलं दार?"

काकांनी इकडे तिकडे बघितलं. अडसर नव्हता, कडी नव्हती, गल्लीच्या टोकाला एक काचेचं दार होतं आणि त्याच्यावर 'ढकला' असं लिहिलं होतं.

"सवय," ते म्हणाले. "मी डोअरकीपर होतो. खेळ सुटायच्या आधी उठायचो."

"अय्या, मग शेवट?"

"शेवट कधी बघितला नाही. कुठल्याच सिनेमाचा."

बाई खळखळून हसली. "मी बाई शेवटच बघते! नावं वर सरकायच्या आत जाऊन उभं राहायचं, सुटलं की झाडायला लागायचं. हिरोनं त्या माणसाला मारलं कशाला हे मला कधीच समजत नाही. पण मारतो, ते रोज बघते." तिनं आतल्या बाजूला मान झटकली. "हा कालपासून लागलाय. लोक नुसते रडतात. ओले कागद उचलून उचलून कंबर मोडली माझी. का हो, ह्या दोघांचं भांडण कशावरून होतं?"

"भांडण नाही. नवरा बोटीवर जातो."

"बोटीवर होय! मला वाटलं, दुसरी बाई केली त्यानं. कालपासून शिव्या घालतेय मी त्याला."

"चांगला माणूस आहे तो," काका म्हणाले. "परत येतो."

"कोण?"

"तो. पहाटे दार वाजतं. ती आतूनच म्हणते, पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीय."

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "छे हो! असं कुठे आहे त्यात? कोण्णी येत नाही."

"येतो. मला माहीत आहे."

"अहो, चार खेळ बघितलेत मी," ती उठत म्हणाली. "चला, वेळ झालीच आहे. तुम्हीच बघा." आणि तिनं दार थोडंसं ढकलून धरलं.

काकांनी शेवट पाहिला तो उभ्यानं, दारातून.

पहाट झाली होती. बाईनं खिडकीतला कंदील उचलला आणि फुंकर मारून विझवला. त्याची काच काढली. काच काळी झाली होती, ती तिनं पदरानं सावकाश पुसली, उजेडासमोर धरून बघितली, पुन्हा पुसली. कंदील कपाटात ठेवला. खिडकी लावली. मग ती जाऊन चुलीपाशी बसली आणि तिनं आपला चहा ठेवला. एका माणसाचा. ती रडली नाही. दार वाजलं नाही. नावं वर सरकायला लागली.

"बघा," झाडूवाली बाई हळूच म्हणाली. तिला बरोबर ठरल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

दिवे लागले. लोक बाहेर यायला लागले, आणि काका एका हातानं दार धरून बाजूला झाले. "सावकाश. पायरी आहे," ते म्हणत होते. नियम मोडून त्यांनी लोकांच्या तोंडांकडे बघितलं. लाल डोळे, पुसटलेलं काजळ. जुन्या थिएटरच्या गल्लीतही हीच तोंडं होती. आनंदानं रडणारी माणसं अशी दिसतात का, हे तेव्हा मान वर करून एकदा तरी बघायला काय हरकत होती?

लेक धावतच आली. "बाबा! कुठे गेलात? मी घाबरले ना!"

"इथेच होतो. दारात."

"शेवट गेला तुमचा!"

"नाही. बघितला."

तिनं त्यांचे डोळे निरखले. कोरडे होते. तिनं बोटांनी आपलेच पुसले आणि त्यांचा हात धरून चालायला लागली.

घरी येताना काका बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट खड्यासारखी बोचत होती. गाठीसकट सगळं बरोबर सांगणाऱ्या बाईनं एवढंच खोटं का सांगितलं? मी रडेन असं वाटलं? का तिलाच तो शेवट घरात आणायचा नव्हता? का फरशी पुसायची घाई होती आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं? तिन्ही गोष्टी तिला शोभण्यासारख्या होत्या. टीव्हीवर ते रीळ नव्हतं तेव्हा कशी मटारात मान घालून बसली होती! जन्मभर फसवलं, आणि वर "पाय वर घ्या".

ह्याचा जाब विचारायला हवा होता. आणि तो देऊ शकेल असं माणूस एकच होतं.

मावशी दार उघडूनच उभी होती. तिनं लेकीला खुणेनं विचारलं, रडले? लेकीनं मान हलवली. नाही. मावशीनं पुढे होऊन काकांच्या खिशांतले रुमाल काढले. दोन्ही घडीचे होते. तिनं मोठा सुस्कारा सोडला.

काकांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. चपला काढून ते पायपुसण्यावर उभे राहिले. आधी एक पाय पुसला, मग दुसरा. मग घराच्या आत बघत थोडा वेळ तिथेच थांबले, कुणी काही म्हणायची वाट बघितल्यासारखे.

"या ना भावजी," मावशी म्हणाली. "दारात का उभे?"

काका आत आले. फोटोपुढे थांबले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले. मोरीच्या कठड्यावर काकूंचं फरशी पुसायचं फडकं अजून पडलं होतं, हिवाळ्यापासून कुणी हात न लावलेलं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. काका त्याच्यासमोर उभे राहिले.

"अगं," ते मोठ्यानं म्हणाले. आवाजात चक्क राग होता. "तो येत नाही!"

"कोण येत नाही?" मावशीनं बाहेरून विचारलं. "कुणाला बोलावलंय का तुम्ही?"

"मावशी, गप्प," लेक कुजबुजली. ती दारापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती.

काका कमरेवर हात ठेवून उभे होते, भांडण अर्धं झालेल्या माणसासारखे, समोरून काय उत्तर येतंय त्याची वाट बघत. मग त्यांनी ते कडक फडकं हातात घेतलं, नळ सोडला आणि ते पाण्याखाली धरलं. फडकं हळूहळू मऊ व्हायला लागलं. पाणी वाहतच राहिलं.

"बाबा," लेक म्हणाली, "गार आहे ना पाणी?"

"हो गं," काका म्हणाले. "फार गार आहे."